बोहारीण परवडली, पण ही भिंत नको

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आमच्या कोपऱ्यावर माणुसकीची भिंत आहे, नको असलेले कपडे टांगून जायचे आणि गरजूंनी ते न्यायचे अशी. तिच्यावरून मी रोज सकाळी फिरायला जाते आणि पावसाळ्यात खरंच तिकडे बघवत नाही. खुंट्या चारच, बाकी सगळे कपडे खाली चिखलात, त्यावर कुत्रं झोपलेलं, आणि शेवटी झाडणाऱ्या ताईच ते उचलून कचऱ्याच्या गाडीत भरतात. कल्पना चांगलीच होती हो, इराणमध्ये मशहदला २०१५ च्या थंडीत सुरू झाली आणि बघता बघता आपल्याकडेही आली. पण भिंत काही बोलत नाही ना, कुणी काय आणून टाकलं ते बघणारं तिथं कुणीच नसतं.

त्यापेक्षा जुन्या कपड्यांवर भांडी देणारी आमची बोहारीण परवडली! शर्ट उजेडात धरायची, कॉलर उलटी करून बघायची, पँटची चेन दोनदा वरखाली करायची आणि "विरलंय ओ ताई हे, नाय चालायचं" म्हणून सरळ बाजूला टाकायची. एका स्टीलच्या डब्यासाठी पाऊण तास घासाघीस, तेव्हा राग यायचा, पण नको ते नको म्हणायचा हक्क तिला होता. आता सोसायटीच्या गेटवर फेरीवाल्यांना बंदी आहे त्यामुळे ती येतच नाही.

२०१९ ला कोल्हापूर-सांगलीच्या पुराच्या वेळी आमच्याकडे कपडे गोळा केले, निवडायला मी बसले होते. हुक नसलेले ब्लाउज, एकेकटे मोजे, आणि कुणाचा तरी लग्नातला ब्लेझर. पुरात ब्लेझर घालून कुठं जाणार माणूस? निम्मा ढीग आम्हीच बाहेर काढला.

मुलीकडे इंग्लंडात लेस्टरला तीन महिने होते तेव्हा तिथली चॅरिटी शॉप, म्हणजे सेवाभावी संस्थांची जुन्या वस्तूंची दुकानं, बघितली. लोक धुतलेले कपडे पिशवीतून आणून देतात, मागच्या खोलीत रिटायर्ड बायका ते निवडतात, वाफेची इस्त्री मारतात, किंमतीचा टॅग लावतात मग दुकानात टांगतात. देणारा टॅक्स भरणारा असेल आणि तसा फॉर्म भरला तर विक्रीच्या दर पाउंडामागे सरकारकडून संस्थेला आणखी २५ पेन्स मिळतात. मुलीने स्वतःसाठी तिथूनच कोट घेतला, पैसे मोजून, त्यात लाज कसली. आपल्याकडे गूंज संस्थेवाले (ज्यांच्या अंशू गुप्तांना २०१५ ला मॅगसेसे पुरस्कार मिळाला ते) गावात विहीर, रस्ता असं काम करणाऱ्यांना मोबदल्यात कपडे देतात, तेही फुकट वाटणं नाहीच.

मग महापालिकेने प्रत्येक वॉर्डात एखादा रिकामा गाळा बचत गटाला द्यायला काय हरकत आहे? शर्ट २० रुपये, साडी ५०, आलेला पैसा गटाला, आणि घाण कपडा आणला तर तोंडावर परत द्यायची मुभा. जुन्या बाजारात लोक बुधवारी-रविवारी पैसे देऊन जुनं घेतातच की.

आता खरं सांगते, मागच्या महिन्यात यांची एक पँट मीही त्या भिंतीवर टांगून आले, चेन बिघडलेली. चार दिवसांनी बघते तर तिथंच, भिजलेली. घरी आणली, धुतली, काल चेन बसवून घेतली, ४० रुपये लागले.

आपली,
एक वाचक, पुणे