तेल स्वस्त झाले, त्याची किंमत आमच्या घराने मोजली : परराष्ट्र व्यवहार मंत्र्यांना खुले पत्र

मा. परराष्ट्र व्यवहार मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

स.न.वि.वि.

एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली. त्या दिवसांत आमच्या घरी दोन गोष्टींची वाट पाहणे चालू होते : टँकरची आणि सौदीहून येणाऱ्या पैशांची. टँकर आठवड्याने का होईना, पण यायचा. पैसे जानेवारीपासून आले नव्हते.

माझा धाकटा भाऊ 2011 साली तिकडे एका बांधकाम कंपनीत शटरिंग कारपेंटर म्हणून गेला. एजंटाचे पैसे भरायला वडिलांनी दोन एकरांतले एक एकर गहाण टाकले होते. पहिली चार वर्षे पगार महिन्याच्या महिन्याला आला. जमीन सुटली, धाकट्या बहिणीचे लग्न झाले, घराचे बांधकाम लिंटलपर्यंत चढले. मग पगार वीस दिवस लांबला, मग दोन महिने, आणि शेवटी थांबलाच. कॅम्पातली मेस बंद पडली. इकामा, म्हणजे तिकडे राहण्याचा आणि काम करण्याचा परवाना, संपला. तो नवा करून द्यायचा कंपनीने, आणि कंपनीच्या ऑफिसात फोन उचलायला माणूस नाही. इकामा नाही म्हटल्यावर दुसरीकडे काम नाही, दवाखाना नाही, कॅम्पाबाहेर पाऊल टाकायची सोय नाही. आई फोनवर विचारायची, "जेवलास का रे?" तो म्हणायचा, "जेवलो." यापुढे तिला काही विचारवत नसे, फोन ती माझ्या हातात द्यायची.

मी उदगीरला कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते. त्या उन्हाळ्यापर्यंत कच्च्या तेलाचा भाव हा माझ्यासाठी फळ्यावर लिहायचा आकडा होता. तेव्हापासून मोंढ्यातल्या सोयाबीनच्या भावासारखा तो मी रोज सकाळी बघते.

जून 2014 मध्ये ब्रेंट तेल, म्हणजे ज्याच्या भावावरून जगातले कच्च्या तेलाचे भाव ठरतात ते, पिंपाला 115 डॉलरच्या घरात होते. जानेवारी 2016 मध्ये ते 30 च्याही खाली गेले. सौदी सरकारची तेव्हा बहुतेक कमाई तेलाची होती. 2015 सालात त्यांच्या अंदाजपत्रकात 367 अब्ज रियालची तूट आली. पुढचे मला भावाच्या पगारावरून उलगडले. तेल विकून जगणाऱ्या देशाची मिळकत आटली की साधारणपणे त्याचे चलन घसरते, महागाई वाढते आणि तो भार थोडाथोडा सगळ्यांच्या अंगावर पडतो. रियालचे तसे नाही. 1986 पासून एका डॉलरला 3.75 रियाल हा दर बांधलेला आहे. चलन हलू द्यायचे नाही म्हटल्यावर हात आखडायचा तो खर्चावर. खर्चात सगळ्यांत आधी थांबतात ती बांधकामे. सरकार ठेकेदाराची बिले अडकवते, ठेकेदार मजुरांचे पगार अडकवतो आणि मजूर असतो उदगीर-देगलूरचा. सप्टेंबर 2016 मध्ये तिथल्या सरकारने स्वतःच्या कर्मचाऱ्यांचेही भत्ते कापले होते. ते एप्रिल 2017 मध्ये राजाज्ञेने पूर्ववत झाले. परक्या मजुराच्या थकलेल्या पगारासाठी कोण आज्ञा काढणार?

तेलामागून सुबत्ता येते हा समज आपल्याकडे घट्ट आहे. वर्गात मी नायजेरियातल्या कानो शहराचे उदाहरण देते, कारण आमच्या मुलांना भुईमूग कळतो. कानोत एके काळी शेंगदाण्याच्या पोत्यांचे पिरॅमिड रचलेले असत, इमारतीएवढे उंच. शेंगदाणा आणि पामतेल यांच्या निर्यातीत तो देश जगात पुढे होता. 1956 मध्ये ओलोइबिरीला तेल लागले, 1973 नंतर भाव चौपट झाला आणि डॉलरचा पूर आला. तिथले चलन नायरा महागले. बाहेरचे धान्य स्वस्त पडू लागले, शेतकऱ्याचा माल परवडेना, सरकारचे लक्ष शेतातून उठले. पोत्यांचे ते ढीग गेले ते गेलेच. पुढे कित्येक वर्षे हा देश कच्चे तेल विकायचा आणि पेट्रोल बाहेरून आणायचा. व्हेनेझुएलाकडे जगातला सगळ्यांत मोठा तेलसाठा आहे, आणि तिथून लाखो माणसे पोटासाठी देश सोडून गेली. एकाच पिकावर बसलेल्या गावाचे काय होते हे मराठवाड्याला वेगळे सांगायला नको.

काही देशांनी मात्र चांगल्या वर्षांत हात राखला. कुवेतने 1976 पासून पुढच्या पिढ्यांच्या निधीसाठी दरवर्षी उत्पन्नाचा दहावा हिस्सा बाजूला काढला. नॉर्वेने 1990 मध्ये कायदा करून निधी उभा केला, 1996 मध्ये त्यात पहिली रक्कम टाकली, आणि 2017 मध्ये तो एक लाख कोटी डॉलरवर गेला.

आपण विकणारे नाही, घेणारे. गरजेच्या 85 टक्क्यांहून अधिक कच्चे तेल आपण बाहेरून आणतो. म्हणजे आपली चांगली वर्षे त्यांच्या वाईट वर्षांत येतात. नोव्हेंबर 2014 ते जानेवारी 2016 या काळात केंद्राने पेट्रोल-डिझेलवरचे उत्पादन शुल्क नऊ वेळा वाढवले. पेट्रोलवर लिटरमागे 11 रुपये 77 पैसे, डिझेलवर 13 रुपये 47 पैसे. जागतिक घसरणीचा मोठा वाटा असा तिजोरीत गेला. त्याबद्दल माझी तक्रार नाही, रस्त्यांना आणि योजनांना पैसा लागतोच. पण ज्या घसरणीने तिजोरी भरली, तिनेच माझ्या भावाचा पगार बुडवला. भरपाई कुणाची करायची हा प्रश्न मी म्हणूनच आपल्यापुढे ठेवते आहे.

त्या वेळच्या परराष्ट्र व्यवहार मंत्री सुषमा स्वराज यांनी अडकलेल्या कामगारांसाठी स्वतः लक्ष घातले, दूतावासामार्फत त्यांच्यापर्यंत धान्य पोहोचवले, हे मी विसरलेले नाही. पण संकटातल्या माणसाच्या जेवणाचा आणि तिकिटाचा खर्च ज्या भारतीय समुदाय कल्याण निधीतून होतो, तो 2009 चा निधी उभा राहतो वकिलातीच्या सेवांवर लावलेल्या जादा शुल्कातून. म्हणजे परदेशी राबणाऱ्यांच्याच खिशातून.

माझी मागणी एवढीच आहे. कच्चे तेल ठरावीक भावाखाली गेले आणि सरकारने शुल्क वाढवले, तर त्या वाढीव उत्पन्नातला ठरलेला हिस्सा या निधीत जमा व्हावा. थकीत पगाराचा कागदोपत्री पुरावा असलेल्या कामगाराला त्यातून निदान तीन महिन्यांचा पगार मायदेशी परतताच मिळावा, आणि कंपनीकडून वसुलीची लढाई सरकारने त्याच्या वतीने लढावी. एकट्या मजुराला अरबी भाषेतल्या कोर्टात ती लढता येत नाही. तेलाच्या खरेदीची बोलणी होतात, तेव्हा थकलेल्या पगारांची यादीही त्याच टेबलावर असावी. एवढे मोठे गिऱ्हाईक आहोत आपण, आपल्या शब्दाला वजन आहे. आणखी एक. कोणत्या कंपनीत, कोणत्या कामावर किती माणसे चालली आहेत, याची नोंद ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर होते. भाव कोसळत असताना विमानात बसू पाहणाऱ्या मुलाला निदान तेव्हा तरी कुणी सांगावे की या घडीला तिकडे बांधकामावर जाणे जोखमीचे आहे. माझ्या वर्गातली मुले बारावी झाली की यातलीच काही हैदराबादच्या एजंटाकडे जातात. मला जेवढे कळते तेवढे मी त्यांना सांगते, पण सरकारने सांगितलेले त्यांचे आईवडील ऐकतील.

भाऊ सप्टेंबर 2016 मध्ये परतला. आठ महिन्यांचा पगार आणि पाच वर्षांच्या नोकरीचा शेवटचा हिशोब तिकडेच राहिला. निघताना एका अरबी कागदावर त्याची सही घेतली होती, त्यात काय लिहिले आहे हे त्याला आजही माहीत नाही. आता तो हैदराबादला सेंटरिंगच्या कामावर जातो. घर पुढे आम्ही दोघांनी मिळून पूर्ण केले, पण स्लॅबसाठी आणलेल्या सळया तोवर इतक्या गंजल्या होत्या की त्या भंगारात घालाव्या लागल्या.

त्या अरबी कागदाची झेरॉक्स, पासपोर्टची प्रत, इकामा आणि पगार जमा होत होता तोवरच्या बँकेच्या पावत्या माझ्याकडे एका प्लास्टिकच्या फाइलीत नीट लावून ठेवलेल्या आहेत. आपल्या कार्यालयातून मागणी आली, तर त्याच दिवशी स्पीड पोस्टाने पाठवीन.

आपली,
अर्थशास्त्राची एक शिक्षिका
उदगीर, जि. लातूर