तू बरी झालीस, मग मी का नाही?

पुणे, रविवार

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

आई, परवा फोनवर तू विचारलंस, "तुला बारा वेळा त्या बोलण्याच्या उपचाराला जाऊन गुण आला, मग मलाच का येईना?" तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटला नाही.

माझी भीती लिफ्टची, दोन वर्षांची. तुझी ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपाची. माळवद खाली आलं, दगडमातीतून तुला ओढून काढलं, तेव्हापासून तू छताखाली धड झोपली नाहीस. वर मन उदास, ते वेगळंच. दोघींना एकच उपचार सारखा कसा लागू पडेल? सीबीटीनं, म्हणजे विचार आणि वागणं हळूहळू बदलणाऱ्या आपल्या या बोलण्याच्या उपचारानं, चिंतेच्या आजारात साधारण निम्म्या लोकांनाच चांगला फरक पडतो, आणि कोणाला पडेल हे आधी सांगणारी खात्रीची तपासणी डॉक्टरांकडेही नाही. त्यामुळं "माझंच मन कच्चं" हे पुन्हा म्हणू नकोस. मला ऐकवत नाही.

त्यात ती वही. मनात येईल ते रोज लिहून आणा, असं तुझ्यावर उपचार करणाऱ्या मॅडम म्हणाल्या. तू चौथी शिकलेली. वही कोरी राहिली, म्हणून लाजून पुढच्या वेळी गेलीच नाहीस. माझा अर्धा गुण त्या घरच्या अभ्यासानंच आला होता गं.

बाबा, राग मानू नका. दिवस मावळायच्या आत तुम्ही आईचं अंथरूण पत्र्याच्या शेडमध्ये टाकता, उशाला बॅटरी ठेवता, रात्री दोनदा उठून बघता. मी लहानपणापासून हे बघत आले, त्या मायेला मी काय नाव ठेवणार? पण या उपचारात भीतीच्या जागी थोडं थोडं थांबावं लागतं. शेडमध्ये होतो म्हणून वाचलो, असंच आईच्या जिवाला रोज वाटतं. घर जागच्या जागी उभं आहे, हे त्याला कळायची वेळच येत नाही. तरी एकदम काही बदलू नका. आणि चिठ्ठीशिवाय आणलेली ती झोपेची गोळी किती दिवस चालू आहे ते मॅडमना सांगा. आपल्या मनानं बंदही करू नका.

मी शनिवारी येते. मॅडमशी बोलले, वहीऐवजी मोबाईलवर बोलून ठेवलं तरी चालेल म्हणाल्या. पहिल्या दिवशी आपण आतल्या खोलीत दहाच मिनिटं बसू, आई. आधी मी तुझ्या शेजारी, मग उंबऱ्यात, मग ओट्यावर.

तुमची,
ताई