विकत घेतलेले कॉमिक कोणाचे?

महोदय,

तीन वर्षांपूर्वी पैसे मोजून घेतलेला कॉमिक्सचा एक संच माझा मुलगा गेल्या महिन्यात फोनवर उघडायला गेला, तेव्हा मुखपृष्ठाच्या जागी राखाडी चौकट आणि खाली 'हे शीर्षक आता उपलब्ध नाही' एवढीच ओळ दिसली; विक्रेत्याकडे तक्रार केल्यावर, आम्ही पुस्तक नव्हे तर केवळ वाचनाचा परवाना घेतला होता, असे अतिशय नम्र शब्दांत कळवण्यात आले.

हे आमच्यापुरतेच नाही. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये ई-पुस्तकांचे दुकान बंद केले, तेव्हा विकलेली पुस्तकेही गेली (पैसे परत मिळाले, हे मान्य करायला हवे). ॲमेझॉनने २०१४ मध्ये घेतलेल्या कॉमिक्सॉलॉजी या डिजिटल कॉमिक्सच्या दुकानाचे स्वतंत्र ॲप डिसेंबर २०२३ मध्ये ॲमेझॉनच्याच किंडल या ई-पुस्तकांच्या ॲपमध्ये विलीन झाले.

डिजिटल कॉमिक्सला माझा विरोध नाही. एकेक चौकट मोठी करून वाचता येते, ही साठीतल्या डोळ्यांना मोठीच सोय आहे. जोडपानावर पसरलेल्या चित्राची मजा मात्र फोनवर जाते.

परवान्याला सरसकट 'खरेदी' म्हणण्यास कॅलिफोर्नियात २०२५ पासून कायद्याने मनाई आहे. तशी तरतूद आपल्याकडेही व्हावी, आणि जे मराठी प्रकाशक कॉमिक्स ऑनलाइन आणू पाहत आहेत, त्यांनी वाचकाला स्वतःजवळ जपून ठेवता येईल अशी फाइल द्यावी. पाठीला चिकटपट्टी लावलेले माझे 'अमर चित्र कथा'चे अंक पंचवटीतल्या घरी ट्रंकेत आहेत. सध्या मुलगा तेच वाचतो आहे.

— एक वाचक, पंचवटी, नाशिक