एक इंच खाली, एक सूत मागे

प्रिय काका,

सा. न. वि. वि.

आभार मानायला तोंड उघडलं की तुम्ही म्हणायचात, ‘ते आभारबिभार सोड, तो अर्धा इंची सॉकेट दे इकडे.’ आता तुम्ही लेकीकडे ॲरिझोनात, मी इथे मिशिगनच्या थंडीत, आणि सॉकेट द्यायला हात लांब केला तरी मधे दोन हजार मैल. म्हणून हे चारचौघांत लिहितोय. चारचौघांसमोर तुम्हाला विषय बदलता येत नाही, हे मंडळाच्या गणपतीत पाहिलंय मी.

बाकीच्यांना गाडी माहीत नाही, त्यांच्यासाठी थोडं. 1966 ची फोर्ड मस्टँग, दोन दारांची कूपे, 289 घनइंचाचं व्ही-8 इंजिन, कारखान्यातून निघाली तेव्हा दोनशे घोडे. काही जाणकार हिला मसल कार म्हणायला तयार नसतात, ही ‘पोनी कार’ म्हणतात. त्यांनी एकदा तिचा ॲक्सिलरेटर दाबून बघावा आणि मग काय ते म्हणावं. मी ती ओहायोतून आणली. तुम्ही पहिल्यांदा बघायला आलात तेव्हा रंगाकडे पाहिलं नाहीत, इंजिनाकडेही नाही. दारावरच्या पट्टीवर टॉर्च मारलात आणि नंबर वाचलात: सहा, एफ, शून्य सात, सी. ‘सहा म्हणजे सहासष्ट. एफ म्हणजे डिअरबॉर्न. पोरगी इथलीच की! माहेरी आली म्हण.’ डिअरबॉर्नचा कारखाना माझ्या घरापासून अर्ध्या तासावर. त्या दिवसापासून आमच्या घरात गाडीचं नाव माहेरवाशीण पडलं.

पण माहेरवाशीण धड चालत नव्हती. पन्नासच्या पुढे गेली की रस्ताभर फिरायची. स्टीअरिंग सरळ धरलं तरी आपण आपले दुरुस्त करत बसायचं, जरा इकडे, जरा तिकडे. वळणावर पुढचं नाक झोपायचं आणि टायरची बाहेरची कड रस्त्यावर घासायची. शिवाय प्रत्येक स्पीडब्रेकरला रहाटासारखी कुरकुर. बायको म्हणायची, तुझी गाडी वळायच्या आधी तक्रार करते.

मी काय ठरवलं होतं ते इथे कबूल करतो. पुढचे दोन्ही शॉक टॉवर, म्हणजे इंजिनाच्या दोन्ही बाजूंचे, स्प्रिंग आणि शॉक पोटात घेणारे पत्र्याचे कोनाडे, कापून टाकायचे आणि सत्तरच्या दशकातल्या मस्टँग टू च्या धर्तीचं तयार सस्पेन्शन, रॅक-अँड-पिनियनसकट, वेल्डिंग करून बसवायचं. किट बघून ठेवलं होतं. ऑर्डर द्यायच्या आदल्या संध्याकाळी तुम्हाला सहज विचारलं. तुम्ही विचारलंत, ‘मोठं इंजिन घालणारेस?’ ‘नाही.’ ‘मग जागा कशाला हवी तुला? गुडघा दुखतोय आणि तू मांडी कापायला निघालास.’

आणि मग ते पुठ्ठ्याचं यंत्र. माझ्या मुलीचं कॉर्नफ्लेक्सचं खोकं कापून तुम्ही दोन पट्ट्या केल्यात, एक आखूड, एक लांब. आखूड ती वरचा आर्म, लांब ती खालचा, म्हणजे चाकाला गाडीशी जोडणारे दोन दांडे. तिसरी पट्टी चाक. चार टाचण्या. पट्ट्या माझ्या हातात देऊन म्हणालात, चाक वर उचल. मी उचललं, तर चाकाचा माथा बाहेरच्या बाजूला कलला. म्हणजे गाडी वळताना ज्या चाकावर भार येतो तेच चाक तोंड फिरवून बसतं. मग तुम्ही वरच्या आर्मची आतली टाचणी उपटून एक इंच खाली टोचलीत. पुन्हा उचल. आता माथा आत झुकला, टायर रस्त्यावर सपाट. एवढंच. मी तीन महिने वाचत होतो ते दोन मिनिटांत डोळ्यांना दिसलं.

ही युक्ती सगळं जग ‘शेल्बी ड्रॉप’ म्हणून ओळखतं, कारण शर्यतीच्या गाड्या बनवणाऱ्या कॅरोल शेल्बींनी ती 1965 च्या जी.टी. 350 मध्ये वापरली. पण भूमितीचं गणित फोर्डच्या क्लाउस आर्निंग यांनी मांडलेलं. हे सांगताना तुमचा आवाज जरा चढतो. ‘मस्टँगचं खालचं अंग फाल्कनचं, बाजारहाटाच्या गाडीचं. आर्निंगनं दोन भोकांची जागा बदलून ते शर्यतीला उभं केलं. आणि नाव कुणाचं झालं?’ आयुष्य चेसिस खात्यात काढलेल्या माणसाला हा प्रश्न विचारायचा हक्क आहे.

माप तुम्ही सांगितलंत: ‘खाली एक इंच, मागे एक सूत.’ काका, मी हसलो होतो, आठवतं? तुम्हाला वाटलं असेल मला कळलं नाही. अहो, ‘सूत’ हा शब्द मी वीस वर्षांनी ऐकला. कोल्हापूरला उद्यमनगरात बाबांचं लेथ होतं, तिथे सगळी दुनिया सुतात मोजली जायची. इंचाचे आठ सूत. मिलिमीटर पुस्तकात, सूत हातात. तुम्ही किर्लोस्करवाडीचे, तुमच्याही जिभेवर तोच शब्द. डेट्रॉईटजवळच्या गॅरेजमध्ये, अमेरिकन गाडीच्या अंगावर, दोघांनी सुतात माप घेतलं.

पहिल्याच शनिवारी मी जी घाण केली ती तुम्ही अजून कुणाला सांगितली नाहीत, तर मीच सांगतो. या गाडीत स्प्रिंग वरच्या आर्मच्या डोक्यावर बसते, टॉवरच्या आत. आधी शॉक वरून काढून घ्यायचा, मग त्याच भोकातून कॉम्प्रेसर आत सोडून स्प्रिंग दाबायची. हजार पौंडांहून जास्त जोर त्या वेटोळ्यात दडलेला. मी कॉम्प्रेसरचे आकडे घाईत अडकवले, एक बाजू एका वेढ्यावर, दुसरी भलत्याच वेढ्यावर, आणि विजेच्या गनने घरघर सुरू केली. तुम्ही खुर्चीवरून उठलात, माझ्याशी एक शब्द न बोलता भिंतीतला प्लग उपटलात. गन थांबली. ‘आता हाताने उलटा फिरव. सावकाश. आणि तोंड तिकडे कर.’ सैल होताना स्प्रिंग टॉवरला एकदा ठण्णकन आपटली. त्या आवाजानंतर मी गनला हात लावला नाही. तुम्ही ओरडला असतात तर मी वाद घातला असता, स्वभाव आहे माझा.

आर्म आणि चाक यांना जोडणाऱ्या बॉल जॉइंटचंही तसंच. मी काट्याची पहार ठोकून रबर फाडायच्या बेतात. तुम्ही नट दोन आटे सैल ठेवायला लावलात आणि चाक धरणाऱ्या नकलच्या कानावर, जॉइंटवर नव्हे, बाजूने हातोडा मारायला सांगितलात. पहिला घाव काही नाही. दुसरा नाही. तिसऱ्याला जॉइंटचा निमुळता खुंट असा सुटला की जणू कुणी घट्ट बसलेलं बरणीचं झाकण उघडून दिलं.

भोकं पाडायचा दिवस मला सगळ्यात जवळचा. टेम्प्लेट जुन्या भोकांवर बोल्टने आवळलं, पंच मारला, आधी एक सुताचं पायलट होल, मग वाढवत वाढवत अर्धा इंची बोल्ट जाईल इतकं. पत्रा तिथे दुहेरी आहे, ड्रिल तिरकं गेलं तर आर्मचा शाफ्ट कधीच नीट बसणार नाही. तुम्ही गुडघ्यावर बसून ड्रिलच्या बाजूला गुण्या धरलात. ‘डावीकडे केसभर. आता बरोबर.’ तुमचा हात थरथरतो हे मला माहीत आहे. त्या दिवशी गुण्या थरथरला नाही. चारही भोकं झाल्यावर कानशीने कडा मारल्या, उघड्या पत्र्याला प्रायमर लावला, आणि मग तुम्ही तांबड्या रश्श्याची आठवण काढलीत. नऊ शनिवारांची तुमची एकूण मजुरी: तांबडा, पांढरा, आणि एकदा भडंग.

बाकी सामान भराभर बसलं. वरचे-खालचे आर्म नवे, एक इंच ठेंगणी स्प्रिंग, शॉक, एक इंच जाडीचा अँटी-रोल बार. टॉवर आणि फायरवॉल, म्हणजे इंजिनामागची पत्र्याची भिंत, यांमधल्या दोन बारक्या पट्ट्यांच्या जागी एकसंध ब्रेस, फोर्डने परदेशात पाठवायच्या गाड्यांना घातलेल्या ब्रेससारखी. स्प्रिंगखालच्या बैठकीत रबरी बुशऐवजी बेअरिंग. ती बोटाने हलवून दाखवलीत तेव्हा माझी मुलगी म्हणाली, पाळण्यासारखी हलते. मी स्ट्रट रॉडलाही, म्हणजे खालच्या आर्मला पुढून धरणाऱ्या कांबीला, कडक पॉलियुरेथेनचे बुश आणले होते. ते तुम्ही परत करायला लावलेत. तिथे रॉडला थोडं डोलायला लागतं, बुश फार कडक झाला तर रॉडच तुटतो, तिथे रबरच बरं. माझे तीस डॉलर आणि कदाचित एक अपघात वाचला.

आणि खालच्या आर्मचे बोल्ट! मी गाडी स्टँडवर असतानाच करकचून आवळले. तुम्ही जायला निघाला होतात, बूटही घातले होते. परत आलात. ‘सगळे ढिले कर. चाकं जमिनीवर, गाडीचं वजन चाकांवर, मग आवळ. नाहीतर रबर जन्मभर पिळलेलं राहील.’ रात्रीचे साडेनऊ. मी मनात चार शिव्या दिल्या, त्याबद्दल इथे माफी मागतो.

अलाइनमेंटची, म्हणजे चाकांचे कल जुळवायची, गंमत मात्र तुम्ही पूर्ण ऐकली नाहीत. जवळच्या एका दुकानात नेली. कॉम्प्युटरमध्ये 1966 चे कारखान्याचे आकडे, ते त्यांनी लावले, पडद्यावर सगळं हिरवं, बिल दिलं, आणि गाडी पुन्हा फिरतेय. ते आकडे त्या काळच्या जुन्या धाटणीच्या बायस-प्लाय टायरचे, माझे टायर आताचे रेडियल. तुम्ही विजेच्या बिलाच्या पाकिटामागे लिहून दिलेले आकडे मी घरी विसरलो होतो. मग दुसरं दुकान शोधलं, जिथे शिमचा, म्हणजे पातळ चकत्यांचा, डबा अजून फडताळात आहे, कारण या गाडीला कॅम्बर-कॅस्टर शिमनेच बसतो. कॅस्टर, म्हणजे चाक ज्या आसावर वळतं त्याचा मागचा कल, अधिक अडीच अंश; कॅम्बर, म्हणजे चाकाच्या माथ्याचा आत-बाहेर कल, उणे अर्धा; टो, म्हणजे चाकांची पुढची तोंडं, आत एक सूत. त्या मिस्त्रीने पाकीट वाचलं आणि विचारलं, हे कुणी लिहिलंय? मी म्हटलं, माझे काका. नातं विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

आता सत्तरलाही एका हाताने जाते. पार्किंगमध्ये मात्र स्टीअरिंग जड झालंय, दंड भरून येतात. ते तुम्ही आधीच बजावलं होतं: कॅस्टर फुकट मिळत नाही.

तुम्ही जायच्या आदल्या दिवशी मी तुम्हाला एक फेरी मारून आणली. हायवेवर चढायच्या गोल रॅम्पवर मी मुद्दाम वेग कमी केला नाही. नाक झोपलं नाही, कुरकुर नाही, टायर ओरडला नाही. तुम्ही डोळे मिटून, दाराच्या पत्र्यावर तळवा ठेवून बसला होतात. मी वाट बघतोय, आता काहीतरी म्हणतील. रॅम्प संपला, लेन बदलली, आणखी एक मैल गेला. मग डोळे उघडलेत आणि म्हणालात, ‘मागचा डावा शॉक गेलाय.’

खरंच गेला होता. पुढच्या आवाजात इतके दिवस ऐकू येत नव्हता.

मागचे दोन्ही शॉक मागवलेत, खोकं तुमच्या घडीच्या खुर्चीवर ठेवलंय, फोडलेलं नाही. रस्त्यावर मीठ आहे तोवर गाडी बाहेर निघणार नाही. एप्रिलमध्ये वरच्या आर्मच्या बुशांना पुन्हा ग्रीस द्यावं लागेल. डावीकडचं निपल टॉवरच्या आड आहे, तिथे माझा हात पोचत नाही आणि तुमचा कसा पोचायचा ते मी नीट पाहिलंच नाही. ग्रीसगन तुमची आहे, माझ्याकडेच राहिलीय.

रश्श्याचं सामान आणून ठेवतो.

तुमचा,
समोरच्या घरातला