सूचना : पाचवीच्या पालकांसाठी, नवोदय परीक्षा

सर्व पालकांना नमस्कार.

नवोदय विद्यालय या केंद्र सरकारच्या निवासी शाळेत सहावीच्या प्रवेशासाठी जी परीक्षा असते, तिचा फॉर्म भरताना कोणाची धावपळ होऊ नये म्हणून आधीच कळवतो आहे. फॉर्मला एक पैसाही लागत नाही, त्यामुळे पैसे मागणाऱ्या कोणाच्या नादी लागू नका. मुख्याध्यापकांच्या सहीचा दाखला लागतो. त्यावर फोटो, मुलाची आणि पालकाची सही हवी. मूल तिसरी, चौथी, पाचवी ग्रामीण शाळेत शिकलेलं असेल तर ग्रामीण कोट्यात बसतं, आणि किमान ७५ टक्के जागा त्यातून भरतात.

पेपर दोन तासांचा, ८० प्रश्न, १०० गुण. त्यातले ४० प्रश्न बुद्धिमत्तेचे, म्हणजे निम्मा पेपर आकृत्यांचा. गणित आणि भाषा प्रत्येकी २० प्रश्न. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून उत्तरपत्रिकेत एकाही प्रश्नाच्या उत्तराचा गोल रिकामा ठेवायचा नाही हे मुलांना पुन्हा पुन्हा सांगा. गोल बॉलपेननेच भरायचे, पेन्सिल चालत नाही. गेल्या वर्षी आपल्याच एका हुशार मुलीने मधला एक गोल सोडला आणि पुढची सगळी उत्तरं एक-एक घर सरकली. बाहेर आल्यावर ती किती रडली, मी पाहिलंय. म्हणून घरी उत्तरपत्रिकेच्या झेरॉक्सवर सराव घ्या.

परीक्षा एकदाच देता येते. निवड झाल्यास सहावीपासून राहणं, जेवण, गणवेश, पुस्तकं मोफत. मुलींनाही जरूर बसवा, एक तृतीयांश जागा त्यांच्या आहेत.

दाखल्याचा नमुना शाळेत ठेवला आहे. शनिवारी सकाळी येऊन घेऊन जा.

– वर्गशिक्षक, इयत्ता पाचवी