कायद्याच्या जुन्या ग्रंथांना मुंबईत एक खोली हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

१ जुलै २०२४ रोजी भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली, आणि तेव्हापासून मुंबईत कायद्याची जुनी पुस्तकं ग्रंथालयांतून आणि वकिलांच्या चेंबरांतून बाहेर पडताना दिसतात. मी तेहतीस वर्षं एका विधि महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम केलं. निर्लेखन, म्हणजे नको असलेली पुस्तकं नोंदीतून काढून टाकणं, मला नवं नाही. एकाच पाठ्यपुस्तकाच्या पंधरा फाटक्या प्रती कुणी ठेवून घेत नाही. मीही त्या काढून टाकल्या आहेत. पण गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर गिरगावात एका रद्दीच्या दुकानाशी जे पाहिलं, ते मनातून जात नाही.

तेलाच्या रिकाम्या डब्यांशेजारी कातडी बांधणीचे सात-आठ जाड खंड सुतळीने बांधून ठेवले होते. वरच्या खंडाच्या पाठीला हात लावताच तांबडी भुकटी बोटांना लागली. जुनं कातडं मुंबईच्या हवेत असंच झडतं. आत एका संस्थेचा गोल शिक्का, आणि त्यावर आडवा, अगदी ताजा, 'रद्द'. न्यायालयाचे निकाल छापणाऱ्या 'इंडियन लॉ रिपोर्ट्स'ची मुंबई मालिका, खंड नववा, साल १८८५. मी पान ५२९ काढलं. तिथे दादाजी भिकाजी विरुद्ध रखमाबाई हा खटला आहे.

लहानपणी लग्न लावून दिलेल्या मुलीने मोठेपणी नांदायला जायचं नाकारलं, नवऱ्याने दावा लावला आणि न्या. पिन्ही यांनी तो फेटाळला, तो हा निकाल. त्याच्या समासात फिकट तपकिरी शाईत मोडी अक्षरात दोनच शब्द होते: 'अपिलात फिरला'. १८८६ मध्ये तो खरोखरच फिरला. १८८७ मध्ये न्या. फॅरन यांनी 'नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद' असा हुकूम दिला, तेव्हा रखमाबाईंनी कैद पत्करायची तयारी दाखवली. त्याच पुढे विलायतेला जाऊन डॉक्टर झाल्या.

हा निकाल आज संगणकावर घरबसल्या वाचता येतो, हे मला ठाऊक आहे. पण निकाल फिरल्याचं कळल्यावर दौत-लेखणी घेऊन हा खंड पुन्हा उघडणारा जो कुणी वकील होता, तो फक्त या एका प्रतीत आहे. त्याला बरं वाटलं होतं की वाईट? त्या दोन शब्दांकडे मी कितीदा पाहिलं असेल. स्कॅन करताना स्वच्छ, कोऱ्या समासाची प्रत निवडली जाते, आणि असा माणूस कायमचा पुसला जातो.

'कायदाच गेला, मग पुस्तकं कशाला?' असं मला एका तरुण वकिलाने विचारलं. एक तर कायदा पुरता गेलेला नाही. १ जुलै २०२४ च्या आधी घडलेल्या गुन्ह्यांना जुनीच संहिता लागू आहे आणि ते खटले अजून बरीच वर्षं चालतील. त्याहून महत्त्वाचं म्हणजे जुन्या आवृत्त्या एकसारख्या नसतात. १८६० च्या दंड संहितेत राजद्रोहाचं १२४-अ हे कलम नव्हतंच. ते १८७० मध्ये घातलं गेलं. १८९७ मध्ये टिळकांच्या पहिल्या राजद्रोह खटल्यात न्या. स्ट्रॅची यांनी ज्युरीला सांगितलं की या कलमातली (सरकारविषयीची) अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव. टिळकांना दीड वर्षाची शिक्षा झाली आणि पुढच्याच वर्षी सरकारने ते कलम नव्याने लिहून काढलं. १९०८ चा खटला चालला तो या नव्या शब्दांवर. टिळकांचे त्या वेळचे उद्गार कोरलेली पाटी न्या. छागला यांच्या हस्ते १९५६ मध्ये उच्च न्यायालयात लागली. ती वाचताना आजही अंगावर काटा येतो. १८६०, १८७० नंतरची आणि १८९८ नंतरची, अशा तीन प्रती शेजारी-शेजारी मांडल्या तर सरकार शब्द कसे आवळत गेलं हे दहावीच्या मुलालाही कळेल. त्यासाठी तिन्ही प्रती शिल्लक राहायला हव्यात.

अमेरिकेत येल विद्यापीठाच्या विधि ग्रंथालयात दुर्मीळ ग्रंथांचा स्वतंत्र विभाग आहे. इंग्लंडच्या कायद्यावरचे ब्लॅकस्टोन यांचे चार खंड १७६५ ते १७६९ या काळात निघाले; त्यांच्या आवृत्त्यांचा जगातला सर्वांत मोठा संग्रह तिथे आहे. पण मला हेवा वाटतो तो तिथल्या प्रदर्शनांचा. जुन्या बांधणीत पुठ्ठ्याला डकवलेले मध्ययुगीन हस्तलिखितांचे तुकडे त्यांनी शोधून लोकांपुढे मांडले. कॉमिक्समधल्या कायद्यावरही प्रदर्शन भरवलं. आपल्याकडे दुर्मीळ म्हटलं की कपाट, कुलूप आणि डांबरगोळ्या.

मुंबईला हे परकं नाही. १८०४ मध्ये एशियाटिक सोसायटीचा पाया घालणारे मॅकिन्टॉश इथले न्यायाधीश होते. विश्वनाथ नारायण मंडलिक यांनी वकिली सांभाळून व्यवहारमयूख या हिंदू कायद्यावरच्या संस्कृत ग्रंथाचं भाषांतर केलं, ते १८८० मध्ये निघालं. पां. वा. काणे याच उच्च न्यायालयात वकिली करत. त्यांनी धर्मशास्त्राचा इतिहास पाच खंडांत लिहिला आणि १९६३ मध्ये ते भारतरत्न झाले. डॉ. आंबेडकर १९३५ मध्ये शासकीय विधि महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. त्यांचे ग्रंथ सिद्धार्थ महाविद्यालयात आहेत. एशियाटिकमध्ये जुनी पुस्तकं दुरुस्तीसाठी दत्तक घेण्याची योजनाही आहे. म्हणजे धन आहे, ते चार ठिकाणी विखुरलेलं आहे, आणि जे कुणाच्याच नावावर नाही ते किलोच्या भावाने जातं आहे.

वांद्र्याला उच्च न्यायालयाचं नवं संकुल होऊ घातलं आहे. त्याच्या आराखड्यात, किंवा १८७८ च्या जुन्या वास्तूत जी जागा मोकळी होईल तिच्यात, दुर्मीळ विधि ग्रंथांसाठी एक खोली आत्ताच राखून ठेवावी. आर्द्रता आटोक्यात ठेवणारी, कागद आणि बांधणी जाणणारा एक माणूस असलेली, आणि विद्यार्थ्याला ओळखपत्र दाखवून पुस्तक हातात घेता येईल अशी. न्यायालयात संग्रहालय आहेच, पण काचेमागचं पुस्तक वाचता येत नाही. खोली होईपर्यंतही एक गोष्ट बिनखर्चाची आहे. १९४७ पूर्वीचं कुठलंही कायद्याचं पुस्तक निर्लेखनाच्या यादीत टाकण्याआधी मोडी वाचता येणाऱ्या माणसाने ते पान न् पान चाळावं. हे काम मी विनामूल्य करीन. माझ्याबरोबर मोडीच्या वर्गात शिकलेल्या आणखी दोघी तयार आहेत.

आणि जुन्या पानांना सेलोटेप लावू नका, ही हात जोडून विनंती. काही वर्षांत त्याचा गोंद तपकिरी होतो आणि अक्षर गिळतो. फाटलं असेल तर पान सरळ करून कागदी पाकिटात ठेवा, एवढं पुरे.

तो नववा खंड मी त्या दिवशी विकत घेतला. उरलेल्या खंडांसाठी दुसऱ्या दिवशी टॅक्सी घेऊन गेले तोवर गठ्ठा पुढे गेला होता. हा एक मात्र माझ्या कपाटात मलमलीत गुंडाळून आडवा ठेवला आहे. ती खोली झाली की पहिल्या दिवशी तो तिथे पोचवायची जबाबदारी माझी.

आपली,
एक निवृत्त ग्रंथपाल, गिरगाव, मुंबई