गळ टाकणाऱ्यालाही एक चिठ्ठी असावी : मत्स्यव्यवसाय मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय मत्स्यव्यवसाय मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : उजनी जलाशयावर हौसेने गळ टाकणाऱ्यांसाठी एक दिवसाचा परवाना व होडीच्या सुरक्षिततेचे नियम करण्याबाबत.

माननीय महोदय,

सविनय नमस्कार. मी पुण्यात राहणारा, नोकरीतून निवृत्त झालेला नागरिक असून गेली २२ वर्षे माघ सरू लागला की दर आठवड्याला एकदा, पहाटेच्या अंधारात निघून, भिगवणच्या बाजूने उजनीच्या पाण्यावर गळ टाकायला जातो. मी मासे विकत नाही, जाळे लावत नाही आणि बहुतेक वेळा घरी आणण्याजोगे काही मिळतही नाही, हे आमच्या घरच्यांचे जुने गाऱ्हाणे आहे. तरीही आपल्या खात्याशी माझा संबंध येतो, कारण ज्या पाण्यावर मी जातो तेथे मासा धरण्याचा हक्क दुसऱ्या कोणाचा तरी आहे आणि माझे तेथे असणे नेमके कोणत्या नियमात बसते, हे इतक्या वर्षांत मला कोणी नीट सांगू शकलेले नाही. हे पत्र त्या एका प्रश्नासाठी आहे.

पंचांगात वसंत चैत्रापासून धरतात. पाण्यावरचा वसंत मात्र त्याच्या आधी महिनाभर सुरू होतो. पौषात मासा खोल पाण्यात सुस्त पडून असतो आणि आमिषाकडे ढुंकूनही पाहत नाही. माघाच्या शेवटी उन्हाला जोर आला की काठालगतचे उथळ पाणी सकाळी नऊ-दहाच्या सुमारास कोमट होते, बुडालेल्या बाभळींच्या सांगाड्यांत मरळ वर येऊ लागते आणि शेंगदाण्याच्या पेंडीच्या गोळ्याला रोहू तोंड लावतो. त्याच दिवसांत कालव्यांना आवर्तने सुटलेली असल्याने पाणी हळूहळू उतरते, काठ उघडा पडतो आणि मागच्या वर्षी जेथे दोन पुरुष पाणी होते तेथे जुन्या बांधाचे दगड दिसू लागतात. मग ‘उजनी शून्य टक्क्यांवर’ अशी बातमी येते आणि पुण्यातले शेजारी मला विचारतात, की आता तुमचे मासे कुठे राहणार? त्यांना सांगावे लागते, की या धरणाचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी असून त्यातला ६३ टीएमसीहून अधिक भाग टक्केवारीत न धरल्या जाणाऱ्या मृतसाठ्याचा आहे, म्हणजे शून्य टक्के झाले तरी निम्म्याहून जास्त पाणी भीमेच्या पात्रात उभेच असते. २०२४च्या उन्हाळ्यासारखे एखादे वर्ष सोडले, तर फाल्गुनात मासा आणि होडी या दोघांनाही तेथे पाण्याची ददात नसते.

या दिवसांत पहाटे वारा पडलेला असतो. काठावरचा पळस पेटलेला, रोहित पक्ष्यांचे थवे अजून परतलेले नाहीत आणि पाणी इतके स्तब्ध, की तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, पाण्याला कोठे टेकला आहे ते वीस हातांवरून दिसते. ही शोभा सांगण्यासाठी मी हे पत्र लिहीत नाही. त्या शोभेसाठी येणाऱ्या माणसांचे जे झाले आहे, त्यातून माझी विनंती निघते, म्हणून तिचा उल्लेख केला.

कुंभारगाव आणि डिकसळ येथे गेली अनेक वर्षे हिवाळ्यात पक्षी पाहायला लोक येतात. त्यांना होडीतून फिरवणारे बहुतेक जण मुळात मच्छीमारच आहेत. पहाटे जाळे काढायचे आणि नंतर त्याच होडीत पाहुणे बसवायचे, अशी त्यांनी आपली घडी बसवली आहे. कोणता पक्षी कोणत्या दलदलीत उतरतो, होडी किती अंतरावर थांबवावी, कोणत्या बाजूने गेले म्हणजे थवा उठत नाही, हे त्यांनी कोणत्याही वर्गात न बसता आत्मसात केले. यांच्यापैकी अनेकांच्या आधीच्या पिढीची शेती याच पाण्याखाली गेलेली आहे, त्यामुळे या पाण्यातून मिळणाऱ्या रुपयावर पहिला हक्क त्यांचा, याबद्दल माझ्या मनात संशय नाही. आता गंमत पाहा. दुर्बीण घेऊन आलेल्या माणसाला ते उजळ माथ्याने होडीत घेतात, त्याचा दर ठरलेला असतो. त्याच होडीत त्याच दराने गळ घेऊन बसलेल्या माणसाला मात्र कोणी विचारले तर ‘पक्षी पाहायला आलोय’ असे सांगायला शिकवले जाते. मी स्वतः हे खोटे दोनदा बोललो आहे, आणि साठी ओलांडलेल्या माणसाला ते शोभत नाही.

चार वर्षांपूर्वीच्या फाल्गुनातला एक दिवस मला सविस्तर सांगितला पाहिजे. आम्ही तिघे मित्र आणि नाववाले असे चौघे पहाटे सहाला निघालो होतो. होडीत एकही जीवरक्षक जाकीट नव्हते. असावे असे आमच्यापैकी कोणाला वाटलेही नव्हते, कारण सकाळचे ते पाणी पाहून भीती वाटावी असे काही नसतेच. दहाच्या सुमारास नाववाले म्हणाले, “साहेब, आता काढूया, वारं सुटंल.” नेमका तेव्हाच एका मित्राच्या गळाला मोठा शिंगटा लागला होता. तो हातचा सोडवेना, म्हणून आम्ही त्यांना अर्धा तास थांबवले. साडेअकराला पश्चिमेचा वारा आला. ज्यांनी उजनी फक्त पुलावरून पाहिली आहे त्यांना कल्पना येणार नाही, पण त्या रुंद, उघड्या पाण्यावर वाऱ्याला अडवायला काही नाही आणि पंधरा-वीस मिनिटांत होडीच्या काठावरून पाणी आत येईल इतक्या लाटा उठतात. आम्ही डब्याने पाणी उपसत होतो. होडी आडवी होऊ नये म्हणून नाववाल्यांनी नांगर टाकला, तो तळाला न धरता घसरत गेला आणि कोणा दुसऱ्याच्या लावलेल्या जाळ्यात अडकला. आम्ही सुखरूप काठाला लागलो, ते जाळे मात्र पंधरा-वीस हात फाटले.

जाळ्याचा मालक संध्याकाळी भेटला. तो ओरडला असता तर बरे झाले असते. त्याने फाटलेला भाग मांडीवर घेऊन बोटांनी मोजला आणि गप्प राहिला. आम्ही अंदाजाने काही पैसे पुढे केले. ते पुरेसे होते की नव्हते, हे आजही मला ठाऊक नाही, कारण हौशी माणसाकडून मच्छीमाराचे नुकसान झाले तर ते कोणी ठरवायचे आणि कोणाकडे भरायचे याची कोणतीच रीत तेथे नव्हती. त्यांच्या लेखी आम्ही होतो कोण? परवानाधारक नव्हे, पर्यटक नव्हे आणि चोर म्हणावे तर तेही नव्हे.

त्यानंतर मी एका सरकारी कार्यालयात रीतसर चौकशी करायला गेलो. पहिल्या टेबलावर सांगण्यात आले, की एका गळाला परवानगी कसली लागते, खुशाल टाका. दुसऱ्या टेबलावर सांगितले, की ते पाणी पाटबंधाऱ्याचे आहे, त्यांना विचारा. तिसऱ्या टेबलावरच्या गृहस्थांनी चहा पाजला आणि कागदावर काही मागू नका, मागितले तर नाही म्हणावे लागेल, असा प्रामाणिक सल्ला दिला. त्यांच्यावर माझा राग नाही. ज्या गोष्टीसाठी नमुना नाही तिच्यासाठी कोणता कारकून सही करील?

म्हणून माझी मागणी एवढीच, की अशा माणसासाठी एक दिवसाची चिठ्ठी असावी आणि ती मुंबई-पुण्यात न मिळता काठावरच्या मच्छीमारांच्या सहकारी संस्थेकडेच मिळावी. तिचे शुल्क, समजा २०० रुपये ठेवले, तर त्यातला मोठा भाग संस्थेकडे राहावा आणि त्यातूनच फाटलेल्या जाळ्यांची भरपाई व्हावी. चिठ्ठीवर नाव, होडीचा क्रमांक, निघण्याची व परतण्याची वेळ एवढे लिहिले तरी वारा सुटल्यावर कोण अजून पाण्यावर आहे हे काठावरच्या माणसाला कळेल. हे काही नवीन नाही. हिमाचल प्रदेशात ट्राउटसाठी गळ टाकणाऱ्याला परवाना घ्यावा लागतो, नोव्हेंबर ते फेब्रुवारी या विणीच्या काळात तेथे ट्राउटची मासेमारी बंद असते आणि मार्च उजाडताच हौशी लोक नदीवर जातात. आपल्याकडे मासा वेगळा आणि विणीचा काळही वेगळा, त्यामुळे त्यांचे वेळापत्रक उचलून चालणार नाही, पण परवान्याची कल्पना उचलायला हरकत नसावी.

आपल्या पाण्यात मरळीची वीण मुख्यतः पावसाळ्यात असते. तेव्हा पिल्लांचा तांबूस गोळका पृष्ठभागावर फिरतो आणि आई-बाप खालून त्याची राखण करतात. अशा वेळी त्या गोळक्यात आमिष टाकले, की राखण करणारी मरळ चवताळून गळ गिळते आणि मागे राहिलेली पिल्ले तासाभरात इतर माशांच्या पोटात जातात. हे करणारे हौशी लोक आहेत, मीही तरुणपणी केले आहे. पावसाळ्याचे चार महिने चिठ्ठी देऊच नये, असा नियम झाला तर मी पहिला आनंदित होईन. कटला आणि रोहू यांचा प्रश्न वेगळा आहे. त्यांना अंडी घालायला पावसाळ्यातले वाहते पाणी लागते, स्थिर जलाशयात ते सहसा वीत नाहीत, त्यामुळे त्यांची बोटुकली, म्हणजे लहान पिल्ले, बाहेरून आणून सोडावी लागते आणि त्याचा खर्च सार्वजनिक पैशातून होतो. तेव्हा एका चिठ्ठीवर असे दोनच मासे न्यावेत आणि ठरावीक लांबीपेक्षा लहान असेल तर जागच्या जागी सोडावा, हे योग्यच होईल. चिलापीला मात्र कसलीही मर्यादा नको. ती बाहेरून आलेली आहे, उजनीत तिने आपले राज्य केव्हाच थाटले आहे आणि कढईत ती वाईट लागत नाही.

गळावर नियम घालताना वडाप आणि पंड्या या बारीक आसाच्या जाळ्यांकडेही पाहावे लागेल. त्यांतून बोटाएवढी पिल्ले टोपल्यांनी जातात, आणि त्यांच्याकडे डोळेझाक करून गळवाल्याला दोन माशांचा हिशेब विचारला तर काठावरचे लोक हसतील. याविषयी प्रामाणिक मच्छीमारांनीच अनेकदा तक्रारी केल्या आहेत, म्हणून मी अधिक लिहीत नाही.

आता होडीविषयी. २१ मे २०२४ रोजी संध्याकाळी करमाळा तालुक्यातील कुगाव आणि इंदापूर तालुक्यातील कळाशी यांच्या दरम्यान प्रवासी होडी वादळात उलटून सहा जणांचा जीव गेला. ते हौशी नव्हते, रोजच्या कामाने पलीकडे जाणारी माणसे होती, आणि त्यांच्या मृत्यूचा आधार घेऊन मी माझ्या हौसेची मागणी रेटतो आहे असे कोणाला वाटू नये. मात्र त्या दिवशीचे पाणी आणि आमच्या त्या फाल्गुनातले पाणी एकच आहे. होडीत बसणाऱ्या प्रत्येकाला जाकीट, प्रत्येक होडीवर माणसांची मर्यादा रंगवलेली, आणि वारा ठरावीक जोराचा झाला की काठावर लाल निशाण, एवढे तरी प्रवासी, पक्षीनिरीक्षक आणि गळवाले या तिघांसाठी सारखेच असले पाहिजे. अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ या केंद्रीय कायद्यात यांत्रिक नौकांची नोंदणी व तपासणी तर आहेच, वल्ह्याच्या होड्यांची नोंद स्थानिक पातळीवर ठेवण्याचीही कल्पना आहे. तिला कुंभारगावच्या धक्क्यापर्यंत आणणे आपल्या आणि संबंधित खात्यांच्या हातात आहे. जाकिटांचा खर्च गरीब नाववाल्यावर टाकू नये. तो चिठ्ठीच्या शुल्कातून सहज निघेल.

एक गोष्ट विषयाच्या कडेची असली तरी सांगतो. ब्रिटिश अधिकारी कर्नल साइक्स याने १८३९ साली खुद्री या महसीर माशाचे पहिले शास्त्रीय वर्णन केले, ते पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. जगभरचे गळ टाकणारे ज्याच्यासाठी जीव टाकतात त्या कुळातला हा मासा, आणि त्याच्या शास्त्रीय नावात आजही आपल्या दख्खनी बोलीचा शब्द आहे. तीच मुळा-मुठा भीमेला मिळून उजनीत येते. मार्चमध्ये पाणी उतरले की तिने काय काय आणले आहे ते हिरव्या सायीवरून आणि वासावरून कळते. ती घाण माझ्या शहराची आहे, त्यामुळे काठावरच्या लोकांपुढे या बाबतीत मी मान वर करून बोलू शकत नाही. दर आठवड्याला या पाण्यावर येणारी, त्याचा रंग केव्हा बदलला हे वहीत टिपून ठेवणारी शे-दोनशे माणसे आपल्या खात्याच्या नोंदीत असली, तर त्याचा उपयोग खात्यालाच होईल. माझ्याकडे अशा अकरा वह्या आहेत आणि मागितल्यास मी त्या आनंदाने देईन.

हा प्रयोग सगळ्या राज्यात एकदम करू नये, असेही माझे मत आहे. एकच जलाशय, त्यातही भिगवण-कुंभारगावचा एकच टापू आणि माघ ते चैत्र एवढेच तीन महिने घ्यावेत. पक्ष्यांच्या विश्रांतीच्या जागा आणि लावलेली जाळी यांपासून किती दूर राहायचे ते तेथील मच्छीमारांनीच ठरवावे. त्यांनी नको म्हटले तर करूच नये. त्यांना विचारण्यापूर्वी मात्र ‘नाही’ असे उत्तर मंत्रालयातून येऊ नये, एवढीच प्रार्थना.

आपल्या खात्यातील एखाद्या अधिकाऱ्यांनी हे सारे प्रत्यक्ष पाहावे असे आपणास वाटल्यास रंगपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी मी तेथे असेन. होडी पहाटे सहाला सुटते आणि आता आम्ही काहीही झाले तरी दहाच्या आत परततो. माझ्याकडे चार जाकिटे आहेत, पाचवे त्यांच्यासाठी घेऊन येईन.

आपला विश्वासू,
गळ टाकणारा एक हौशी नागरिक,
पुणे.